मोटरवाली लेगो-मॉडेलं: मला सतत विचारले जाणारे प्रश्न

मी पिंपरी-चिंचवडमध्ये एका कारखान्यासाठी फिक्स्चर (काम चालू असताना सुटा भाग घट्ट धरून ठेवणारी चौकट) डिझाइन करते. घरी आले की लेगो टेक्निकचे, म्हणजे गिअर, ॲक्सल आणि मोटरीवाल्या लेगोचे, ट्रॅक्टर, ट्रक आणि क्रेन बनवते. मॉडेल टेबलावर मांडून बाजूला उभी राहिले की तेच ते प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवली. क्रम माझ्या सोयीचा आहे.

हे मुलासाठी का?

नाही, माझ्यासाठी. हा प्रश्न दुकानदार विचारतात, नातेवाईक विचारतात, एकदा सोसायटीच्या वॉचमनकाकांनीही विचारला. खुद्द कंपनीने २०२० पासून मोठ्यांसाठीच्या खोक्यांवर '१८+' छापायला सुरुवात केली, त्यामुळे आता निदान खोकं दाखवून गप्प करता येतं. टेक्निकची मालिका १९७७ ची. तेव्हाच्या पहिल्या सेट्समध्ये फोर्कलिफ्ट, ट्रॅक्टर, हेलिकॉप्टर आणि मोटारीची चासी होती. आज मोटरवाली मॉडेलं स्वतः डिझाइन करणारे बरेच जण या ना त्या पिढीतल्या टेक्निकवर वाढलेले आहेत. आपल्याकडे ती जागा लोखंडी पट्ट्या आणि नट-बोल्टवाल्या मेकॅनिक्सने भरली होती. माझी सुरुवातही तिथलीच, भावाच्या डब्यातून चोरलेल्या पट्ट्यांवर.

'मॉक' म्हणजे काय?

'माय ओन क्रिएशन'ची आद्याक्षरं. खोक्यातल्या पुस्तिकेबरहुकूम केलेलं मॉडेल म्हणजे सेट, आणि स्वतः रचलेलं ते मॉक. एखाद्या सेटचेच तुकडे वापरून दुसरी गाडी केली तर तिला पर्यायी बांधणी म्हणतात. भारतात राहणाऱ्याने या तिसऱ्या प्रकाराकडे आधी बघावं. त्यात एकही सुटा तुकडा मागवावा लागत नाही.

आपल्याकडच्या गाड्यांची मॉडेलं का दिसत नाहीत?

कोणी केली नाहीत म्हणून. झेक लोक तात्रा ट्रक बनवताना थकत नाहीत. मधोमध एक जाड नळी आणि तिच्या दोन्ही बाजूंना वरखाली झुलणारे अर्धे ॲक्सल, ही तात्राची रचना १९२३ पासूनची, आणि टेक्निकमध्ये ती उभी करणं हा स्वतंत्र पुरुषार्थ मानला जातो. जर्मनांचं युनिमॉग या मर्सिडीजच्या ट्रकवर प्रेम. मर्सिडीजने ती गाडी बनवायला घेतल्याला साठ वर्षं झाली तेव्हा, २०११ साली, खुद्द लेगोने २,०४८ तुकड्यांचा युनिमॉग काढला. माझं माहेर सांगलीकडचं. मी उसाचा ट्रॅक्टर आणि मागे दोन ट्रॉल्या असं घेतलं. एसटीचं विचाराल, तर लाल रंगाचे तुकडे मुबलक मिळतात. अडचण आहे ती लांबलचक अंगाची. बाजूचे पत्रे आणि छप्पर यांचं वजन इतकं होतं की चासी मधून वाकते. कोणी जमवलं तर मला कळवा.

प्रमाण कसं ठरवायचं?

टायरवरून. नवखा माणूस आधी लांबी ठरवतो, मग त्या लांबीला शोभणारा टायर शोधतो आणि तो टायर लेगोत नसतोच. बाकी सगळं तुम्ही तुकडे जोडून कितीही मोठं करू शकता, पण टायर जसा येतो तसाच घ्यावा लागतो.

माझ्या ट्रॅक्टरचं गणित देते. मागचा मोठा टायर, चाळीस-पंचेचाळीस हॉर्सपॉवरच्या ट्रॅक्टरला असतो तो, सुमारे १.४ मीटर व्यासाचा. लेगोचा मोठा ट्रॅक्टर-टायर १०७ मिलिमीटरचा. भागाकार केला की तेरा येतात, म्हणजे प्रमाण १:१३. आता खरा ट्रॅक्टर साडेतीन मीटर लांब धरला तर मॉडेल २६९ मिलिमीटर. लेगोत एका भोकाच्या मध्यापासून पुढच्या भोकाच्या मध्यापर्यंत ८ मिलिमीटर, त्याला आम्ही एक स्टड म्हणतो. तर लांबी ३४ स्टड आणि रुंदी साधारण १६. झालं, तुमचा डबा ठरला. आता त्या १६ स्टडच्या रुंदीत दोन चाकं, डिफरन्शियल (वळताना दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरसंच) आणि मोटर बसवायची. खरी मारामारी इथे सुरू होते.

एक बारकावा: टेक्निकचे जवळपास सगळे लांब बीम, म्हणजे भोकांच्या पट्ट्या, विषम भोकांचे असतात, ५, ७, ९ असे १५ पर्यंत. विषम असलं की बरोब्बर मधे एक भोक मिळतं आणि गाडीचा मुख्य शाफ्ट मध्यरेषेवरून जातो. म्हणून चासीची रुंदी शक्यतो विषम ठेवा. मी पहिल्यांदा सम ठेवली होती. तो शाफ्ट अर्धा स्टड डावीकडे सरकवून नेलेला ट्रॅक्टर अजून माझ्या कपाटावर आहे, सासूबाई त्याला 'तिरळा' म्हणतात.

कोणती मोटर घ्यावी?

चालवायचं काय आहे त्यावर. जुन्या पॉवर फंक्शन्स मालिकेतल्या मोटरी (ही मालिका २००७ ची; आता बंद आहे, पण हौशी लोकांकडे अजून तीच सर्वाधिक सापडते) अशा: एक्सएल ही बिनभाराची मिनिटाला सुमारे २२० फेरे मारते आणि तिची ओढ, म्हणजे फिरवण्याची ताकद, सर्वांत जास्त, थांबेपर्यंत साधारण ४० न्यूटन-सेंटिमीटर. एल सुमारे ३९० फेरे, पण ओढ निम्म्याहून कमी. एम त्याहून थोडी चपळ आणि त्याहून अशक्त. ती विंच, ट्रॉली उलटवणं, असल्या हलक्या कामाला. ट्रॅक्टर, ट्रक, बुलडोझर यांना एक्सएल. धावती गाडी हवी तर दोन एल.

एक 'बग्गी मोटर' म्हणून प्रकार असतो, मिनिटाला हजाराच्या वर फेरे. सगळ्या नवख्यांना तीच हवी असते. ती इतका करंट ओढते की साधा बॅटरी बॉक्स मधेच हात टेकतो. घेऊ नका असं नाही, पण तिच्याआधी बाकीची गाडी तेवढी मजबूत करायला शिका.

स्टिअरिंगला सर्वो मोटर लागते. ती ठरावीक कोनात वळते आणि सोडली की मध्यावर परत येते. साध्या मोटरने स्टिअरिंग केलं तर गाडी वळते खरी, पण सरळ कधी होते ते तिचं तिला माहीत.

मोटर अचानक गप्प झाली आणि दोन-तीन मिनिटांनी पुन्हा चालू झाली, तर ती बिघडलेली नाही. आत तापलं की करंट अडवणारा भाग असतो. गाडं कुठेतरी अडतंय एवढाच त्याचा निरोप.

गिअरचं गणित समजावता का?

समजावते, आणि हे जमलं की निम्मं शास्त्र आलं.

लेगोच्या गिअरचे दात मोजा, त्याचे निम्मे म्हणजे त्याची त्रिज्या मिलिमीटरमध्ये. ८ दाती गिअरची ४, २४ दातीची १२. दोन्ही जोडले तर मधलं अंतर १६ मिलिमीटर, म्हणजे बरोबर दोन स्टड. १२ आणि २० हेही दोन स्टड. १६ आणि १६ हेही. ८ आणि ४०, १२ आणि ३६, २४ आणि २४ हे तीन स्टडवर बसतात. पण १६ आणि २४ जोडायला गेलात तर अडीच स्टड हवेत. सरळ बीमवर ती भोकंच नाहीत, अर्ध्या स्टडची हिकमत करावी लागते. या पाच-सहा जोड्या पाठ करून टाका, पाढ्यांसारख्या.

आता वेग. १०७ मिलिमीटर टायरचा परीघ ३३६ मिलिमीटर. एक्सएल मोटर २२० फेऱ्यांची. ८ ला २४ जोडून तिप्पट मंद केली की ७३ फेरे. मिनिटाला साडेचोवीस मीटर, तासाला दीड किलोमीटर. १:१३ प्रमाणात तो झाला १९ किलोमीटरचा वेग, म्हणजे रिकाम्या ट्रॉलीने कारखान्यातून परतणारा ट्रॅक्टर. ऊस भरलेला हवा असेल तर ८ ला ४०, पाचपट मंद. मग तोच वेग प्रमाणात साडेअकरावर येतो आणि भार पडला की आणखी खाली. डोळ्याला पटतं ते हेच. फार पळणारा ट्रॅक्टर खेळण्यासारखा दिसतो.

हे मंद करणं शक्यतो चाकाजवळ करा. मोटरपाशीच पाचपट मंद केलं तर पाचपट ओढ तिथून पुढे प्रत्येक शाफ्टवर, प्रत्येक युनिव्हर्सल जॉइंटवर, डिफरन्शियलच्या त्या चिमुकल्या गिअरांवर पडते. प्लास्टिकच आहे ते, ॲक्सल पिळवटतो. चाकाच्या हबमध्येच, म्हणजे चाक बसतं त्या भागातच, मंद केलं तर मधला सगळा संसार हलक्या ओढीवर चालतो. २०१९ पासून आतच ग्रहीय गिअर (मधल्या गिअरभोवती फिरणारे छोटे गिअर) असलेले हब मिळतात. ते नसतील तर चाकाच्या वर ८ आणि २४ ची जोडी घालून पोर्टल ॲक्सल करा. गाडीचं पोट उंच होतं हा वरचा फायदा.

वर्म गिअर, म्हणजे स्क्रूसारखा तो, एका पायरीत प्रचंड मंद करतो आणि उलट फिरत नाही. क्रेनचा दोर धरून ठेवायला उत्तम. चाकांना मात्र लावू नका. घर्षणात ताकद खातो आणि गाडी हाताने ढकलताच येत नाही.

कट-कट आवाज येतो. काय करू?

आधी थांबवा. दात दातावरून उडी मारतोय. कारण बहुतेक वेळा गिअर नसून त्याला धरणारी चौकट असते. भार आला की दोन बीम एकमेकांपासून केसभर फाकतात आणि तेवढं पुरतं. गिअरच्या दोन्ही बाजूंना आधार द्या आणि आडवा बीम टाकून चौकट बंद करा. बीम जोडायच्या पिनांपैकी काळ्या घट्ट असतात, त्या चौकटीला. राखाडी सैल, त्या फिरणाऱ्या सांध्यांना. उलट घातल्या तर चौकट डुगडुगते आणि सांधे जाम होतात. हे मी कार्यशाळेत दर वेळी सांगते आणि दर वेळी कोणीतरी उलट घालतंच.

ट्रॉली ओढताना पुढची चाकं उचलली जातात.

खऱ्या उसाच्या ट्रॅक्टरचीही उचलली जातात, तेव्हा तुमचं मॉडेल अस्सल आहे! उपाय: बॅटरी बॉक्स बॉनेटमध्ये ठेवा. सहा एए सेल म्हणजे फुकटचं दीडशे ग्रॅमच्या आसपास वजन. आणि ट्रॉलीचा हूक खाली घ्या, मागच्या ॲक्सलच्या उंचीच्या वर कधीही नको.

सेल कोणते? रिमोट कोणता?

सहा अल्कलाइन सेल मिळून कागदावर ९ व्होल्ट, सहा रिचार्जेबल मिळून ७.२. म्हणून लोक अल्कलाइन घेतात. भार पडला की अल्कलाइनचा व्होल्टेज ढासळतो. चांगले रिचार्जेबल टिकून राहतात. मी रिचार्जेबलच वापरते, शिवाय दर रविवारी सहा सेल कचऱ्यात टाकायला जीव होत नाही.

पॉवर फंक्शन्सचा रिमोट इन्फ्रारेड, टीव्हीच्या रिमोटसारखा. भर उन्हात अंगणात चालवायला गेलात तर तो आंधळा होतो. नवीन हब (चाकाचे नव्हेत, मोटरी जोडायचे बॅटरीचे डबे) ब्लूटूथवर आणि मोबाइलच्या ॲपवर चालतात. मला हातात बटणं लागतात, काचेवर बोट घासून गाडी चालवणं पटत नाही. पायब्रिक्स नावाचं मुक्त सॉफ्टवेअर हबमध्ये घातलं की चार पोर्टचा टेक्निक हब लेगोच्या छोट्या रिमोटला थेट जोडता येतो, मोबाइल लागतच नाही. थोडं पायथन लिहावं लागतं, वीसेक ओळी. हंगेरीचा एसब्रिक आणि स्लोव्हेनियाचा बुविझ हे ब्लूटूथ कंट्रोलर जुन्या मोटरींना चालतात.

आधी कॉम्प्युटरवर की आधी हातात?

गाडीचा हलणारा भाग हातात, बाहेरचं अंग कॉम्प्युटरवर. ब्रिकलिंक या सुट्या तुकड्यांच्या ऑनलाइन पेठेचं स्टुडिओ हे सॉफ्टवेअर फुकट आहे. एखादा तुकडा त्या रंगात कधी निघालाच नसेल तर ते सावध करतं, आणि दोन तुकडे एकमेकांत घुसले तर दाखवतं. पण चौकट वाकेल का, ॲक्सल पिळवटेल का, हे त्याला कळत नाही. पडद्यावर सगळ्याच गाड्या चालतात.

या साऱ्याच्या मुळाशी एलड्रॉ हे लेगोचे तुकडे कॉम्प्युटरवर मांडायचं सॉफ्टवेअर आहे, ऑस्ट्रेलियाच्या जेम्स जेसिमनने १९९५ मध्ये सुरू केलेलं. तो १९९७ मध्ये गेला, पण हौशी लोकांनी त्याची तुकड्यांची सूची वाढवत नेली. कोणी सांगितलं नव्हतं, पगारही नव्हता. आज तुम्ही माउसने जो बीम उचलता, तो कुणीतरी एका रविवारी बसून मोजून काढलेला असतो.

सूचनापुस्तिका करायची गरज काय? फोटो पुरत नाहीत का?

मला तर हाच खरा छंद वाटतो, म्हणून इथे जरा लांबेन.

माझा पहिला चारचाकी-ओढ ट्रॅक्टर माझ्या टेबलावर झकास चालला. मी पुस्तिका केली आणि साताऱ्याच्या एका मित्राला पाठवली. त्याने तीन आठवडे तुकडे जमवले, दोन रात्री जागून बांधला, बटण दाबलं, आणि ट्रॅक्टर जागच्या जागी थरथरत उभा राहिला. पुढची चाकं पुढे जायला बघत होती, मागची मागे. डिफरन्शियलचा मोठा दातेरी भाग शाफ्टच्या कोणत्या बाजूला ठेवायचा, तो उलटा बसला की चाकांची दिशा उलटते. आणि माझ्या चित्रात तो भाग नेमका एका बीमआड लपला होता. त्याची चूक नव्हती. त्याने चित्रात दिसलं ते केलं. दोन गिअरांचे दात खरवडून निघाले, ते मी भरून दिले.

तेव्हापासून काही नियम पाळते. जिथे दिशा महत्त्वाची, तिथे चित्र फिरवून दुसऱ्या बाजूनेही दाखवायचं. एका पायरीत चार-पाच तुकड्यांहून जास्त नाही. आतल्या, नंतर न दिसणाऱ्या तुकड्यांचे रंग मुद्दाम भडक आणि वेगवेगळे, म्हणजे काळ्यावर काळा शोधत बसावं लागत नाही. पिन आत ढकलायला बोट जाईल का हे बघायचं. सॉफ्टवेअरमध्ये पिन हवेतून येते, खऱ्या माणसाला तिला बाजूने रेटावी लागते, आणि त्या बाजूला तुम्ही तीन पायऱ्यांपूर्वीच बीम लावून ठेवलेला असतो. वायर कुठून जाते ते स्वतंत्र पायरी. आणि दर उपभागाच्या शेवटी एक पायरी ज्यात एकही तुकडा नाही, फक्त लिहिलेलं असतं: 'इथे हाताने फिरवून बघा. अडत असेल तर पुढे जाऊ नका.' कारखान्यातल्या जोडणीपत्रकात असतं तसंच.

मग ती दुसऱ्याला बांधायला द्या. मी नेहमी अशाला देते ज्याने आधी ते मॉडेल पाहिलेलंच नाही. तो बांधत असताना समोर बसा आणि तोंड बंद ठेवा. हे फार अवघड आहे. जिथे तो थबकतो ती तुमची चुकलेली पायरी.

पैसे घ्यावेत का?

तुमची मर्जी. रिब्रिकेबल या संकेतस्थळावर पुस्तिका मोफतही ठेवता येते आणि विकताही येते. मी छोटी मॉडेलं मोफत देते. ट्रॅक्टरसारख्या, वर्ष घेतलेल्या कामाचे पैसे घेते आणि त्याची लाज वाटून घेत नाही. चोरी होते का? होते. माझी एक क्रेन माझंच छायाचित्र लावून दुसऱ्याच नावाने विकली जाताना पाहिली आहे. पत्र लिहिलं, उत्तर नाही. तारीख असलेले फोटो आणि मूळ फाइल जपून ठेवा एवढंच सांगेन.

लेगोचा स्वतःचा 'आयडियाज' मार्गही आहे: १०,००० लोकांचा पाठिंबा, मग कंपनीची छाननी, आणि सेट निघालाच तर निव्वळ विक्रीच्या एक टक्का. गिअर आणि मोटरींनी भरलेल्या मॉडेलला ही वाट जरा दूरची आहे.

दुसऱ्या कंपनीचे तुकडे चालतील का?

बेकायदेशीर नाहीत. विटेचं पेटंट १९५८ मध्ये दाखल झालेलं, ते कधीच संपलं, आणि विटेच्या आकारावर ट्रेडमार्क मिळणार नाही हे युरोपच्या न्यायालयाने २०१० मध्ये पक्कं केलं. दुसऱ्याचं आख्खं मॉडेल उचलणं ही मात्र वेगळी गोष्ट. कामाचं विचाराल तर बीम आणि पत्रे कुठलेही चालवून घ्या. फिरणाऱ्या भागांना, म्हणजे ॲक्सल, गिअर, डिफरन्शियल, यांना चांगल्यात चांगले घ्या. हजार बीममध्ये एक सैल निघाला तर कळत नाही, पण एका गिअरने अख्खी गाडी अडते.

सुटे तुकडे परदेशातून मागवावेत का?

शेवटचा उपाय म्हणून. ब्रिकलिंकवर जगभरचे विक्रेते आहेत (२००० साली सुरू झालेली ही पेठ २०१९ मध्ये लेगोनेच विकत घेतली). पण खेळण्यांवरचं आपलं आयात शुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झालं आणि २०२३ मध्ये ७०. ते वस्तूच्या किमतीसह टपालखर्चावरही लागतं, वर जीएसटी. दोन पिनांसाठी पार्सल मागवणारा माणूस मी पाहिला आहे. त्या पिनांना त्याच्या घरी चांदीचा मान होता. चार-पाच जणांनी मिळून एकच मागणी करा, किंवा आपापसांत अदलाबदल करा. डिझाइन करतानाच दुर्मीळ तुकडा टाळला तर सर्वांत स्वस्त. तुमच्याकडे आहे म्हणून वापरलेला एक जुना तुकडा शंभर जणांची बांधणी अडवतो.

फेव्हिक्विक लावलं तर?

नाही.

सर्वांत मोठं मोटरवालं मॉडेल कोणतं?

माझ्या माहितीत लेगोचीच २०१८ ची खऱ्या आकाराची बुगाटी शिरॉन. झेक प्रजासत्ताकातल्या क्लादनो इथे बांधली. दहा लाखांहून जास्त तुकडे, वजन दीड टन, आणि चालवायला पॉवर फंक्शन्सच्या २,३०४ छोट्या मोटरी. माणूस आत बसून ताशी वीस किलोमीटरच्या पुढे गेली, आणि गोंद कुठेही नाही. वरच्या प्रश्नाला माझं उत्तर एका शब्दात का होतं ते कळलं असेल.

ऊस-ट्रॅक्टरची पुस्तिका कधी येणार?

तिसरी परीक्षा चालू आहे. या वेळी बांधणारी माझी भाची, नववीत आहे. काल रात्री ती ८४ व्या पायरीवर थांबली, पुस्तिका उलटी धरली, परत सरळ केली आणि म्हणाली, "आत्या, ही पिन आत जातच नाही गं." मी दोन्ही हात मांडीखाली घालून बसले होते. पायरी परत काढते आहे.